शेवाळाला औषध नको, आणि सकर मासा तर नकोच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या फिशटँकवर अर्धं पान आलं होतं. फोटो झकास होते. गोल्डफिशचे तर इतके चांगले की सोमवारी मी शटर उघडायच्या आधीच लोक कात्रण घेऊन पायरीवर बसले होते. धंदा आणून दिलात, त्याबद्दल आभार. पण त्याच पानावर खाली, चौकटीत, शेवाळ होऊ नये म्हणून काय करावं ते छापलंय, ते वाचून मला कसंसंच झालं. टँक खिडकीपाशी ठेवा, महिन्यातून एकदा सगळं पाणी काढून लख्ख धुवा, आणि काचेला चिकटून शेवाळ खाणारा एक सकर मासा सोडा, बाकीचं तो बघेल. यातलं एकही ऐकू नये, हे सांगायला हे पत्र. थोडं लांबेल. कापायचं झालं तर माझी कुरकुर कापा, सकर माशाचा भाग तेवढा ठेवा.

मी मिरजेत मासे आणि टँक विकतो. पण पोट जास्त भरतं ते टँक धुण्यावर, ज्याला आमच्यात ‘मेंटेनन्स’ म्हणतात. मिरज दवाखान्यांचं गाव. ज्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये टीव्ही नाही तिथे फिशटँक असतो, आणि काही ठिकाणी दोन्ही असतात. पेशंटचा जीव रमतो, लहान पोरं रडायची थांबतात. पाईप, बादली, ब्लेड आणि जुने टूथब्रश घेऊन मी या टँकांमागे फिरतो. शेवाळ हा माझा रोजचा विषय आहे. नाव मात्र छापू नका. खाली ज्यांचे टँक येतील ते डॉक्टर स्वतःला लगेच ओळखतील, आणि त्यातले एक जण माझ्या आईची शुगर बघतात.

दुकानात येणारा माणूस पहिलं वाक्य बोलतो ते ठरलेलं असतं. “ओ, शेवाळाला काय तरी औषध द्या की.” मी औषध देत नाही, प्रश्न विचारतो. टँक ठेवलाय कुठं? लाईट किती वेळ चालू असतो? खायला कोण घालतं? तिसऱ्या प्रश्नाला घरातली सगळी मंडळी एकमेकांकडे बघायला लागतात.

टँक कुठं ठेवलाय, याचं उत्तर हल्ली बहुतेक वेळा ‘ईशान्येला’ असं येतं. वास्तुवाल्यांनी सांगितलेलं असतं. आता ईशान्येचा कोपरा म्हटलं की बऱ्याच घरांत पूर्वेची खिडकी आलीच, आणि पूर्वेची खिडकी म्हणजे सकाळचं कोवळं, तिरकं, थेट काचेतून आत शिरणारं ऊन. घरातल्या ट्यूबलाईटखाली दोन-तीनशे लक्स उजेड असतो. भर उन्हाचा आकडा लाखाच्या घरात जातो. सकाळचं ऊन त्याच्या निम्मं धरलं तरी शेवाळाची चंगळ होते. वास्तुशास्त्रावर वाद घालून मी गिऱ्हाईक तोडत नाही. मी म्हणतो, ईशान्येलाच ठेवा, फक्त खिडकीला जाड पडदा लावा आणि टँकच्या मागच्या आणि बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवा. देव कोपत नाही आणि टँकही हिरवा होत नाही.

दवाखान्यांची तऱ्हा वेगळी. तिथे ऊन नसतं, पण ओपीडी सुरू झाली की कंपाउंडर सगळी बटणं एकदम दाबतो, त्यात टँकचं बटणही असतं. रात्री शेवटचा पेशंट जाईपर्यंत लाईट चालू. कुठे कुठे रात्रभरही चालूच, माशांना अंधारात भीती वाटेल म्हणून. माशांना अंधार लागतो. डोळ्यांना पापणी नसलेल्या जिवाला तर जास्तच लागतो. सहा ते आठ तास लाईट पुरे, आणि तो रोज त्याच वेळी लागावा आणि बंद व्हावा. त्यासाठी माणसाच्या आठवणीवर विसंबू नये. गिझरला लावतात तसला प्लगचा टायमर काही शे रुपयांत मिळतो. माझ्या सगळ्या मालात शेवाळावर चाललेली वस्तू कोणती म्हणाल तर हा टायमर, आणि तो मी विकतही नाही, समोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

पण उजेड ही निम्मी गोष्ट झाली. नुसत्या उजेडावर शेवाळ जगत नाही, त्याला खत लागतं. आणि ते खत आपणच घालतो, डबीतून, चिमटी-चिमटीने.

आठ लाल आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश शुभ, असं कुठूनसं पसरलंय. दोन फुटी टँक, आत जेमतेम पन्नास लिटर पाणी, त्यात नऊ गोल्डफिश. गोल्डफिश हा काही बोटाएवढा राहणारा मासा नाही, नीट जगला तर वीतभर होतो, आणि माशांमध्ये त्याच्याइतका खादाड आणि तितकीच घाण करणारा मी दुसरा पाहिलेला नाही. काचेजवळ कुणी गेलं की तो तोंड उघडझाप करत पुढे येतो. आजोबांना वाटतं भूक लागली. सकाळी आजोबा घालतात, शाळेतून आल्यावर नातू घालतो, संध्याकाळी दिवा लावताना आजी घालते. तिघांपैकी कुणालाच दुसऱ्याने घातलेलं माहीत नसतं.

त्या खाण्याचं पुढे काय होतं? न खाल्लेले दाणे कुजतात, खाल्लेल्यांची विष्ठा होते, आणि शिवाय मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतच असतो. अमोनिया माशाला विष. फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या खड्यांत एक प्रकारचे जिवाणू वस्ती करून असतात, ते या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला बऱ्यापैकी सोसतं, पण वनस्पतीला ते खतच. उसाला आपण युरिया टाकतो, त्याचं मातीत शेवटी जे होतं तेच इथे पाण्यात होतं. वर खाण्यातला फॉस्फरस आहेच. मग एवढ्या खतावर उजेड पडला तर शेवाळ येईल नाही तर काय होईल?

म्हणून खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि ते एकाच माणसाने घालायचं. आठवड्यातून एक दिवस काहीच घालायचं नाही. एका घरात मी हे सांगितलं तर तिथल्या आजी म्हणाल्या, मग एकादशीला नको घालायला. म्हटलं, एकादशी पंधरा दिवसांनी येते, त्याला जोडून सोमवार धरा. आता त्या घरचे मासे सोमवार करतात, आणि काच पुसायला मला तिथे पूर्वीइतक्या वेळा जावं लागत नाही.

इथेच त्या ‘महिन्यातून एकदा सगळं पाणी काढून लख्ख धुवा’चा घोळ लक्षात येईल. हे अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजाला, खड्यांना, काचेला चिकटून असतात. नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. आपण महिन्याने खडे बादलीत घालून नळाखाली चोळचोळून धुतले, स्पंज साबणाच्या हाताने पिळला, की नळाच्या क्लोरीनने आणि आपल्या स्वच्छतेने ती वस्ती उठली. दोन दिवसांत पाणी दुधाळ होतं, मग मासे वर येऊन धापा टाकतात, एखाद-दुसरा जातो, आणि उरलेल्या अमोनियावर पुढच्या आठवड्यात शेवाळ जोमाने येतं. मग माणूस आणखी जोरात धुतो. असे टँक मी पाहिलेत जे वर्षानुवर्षं दर महिन्याला नवेच होत राहिलेत.

करायचं ते असं. दर आठवड्याला पाव टँक पाणी काढायचं, तेही पाईप तळाच्या खड्यांत खुपसून, म्हणजे घाण ओढली जाते. तेवढंच नवं पाणी घालायचं. स्पंज काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळायचा, नळाखाली कधीच नाही. नळाचं पाणी वापरताना त्यात हायपोचे दोन-चार खडे विरघळवायचे. पूर्वी फोटो स्टुडिओत वापरायचे तेच हे, सोडियम थायोसल्फेट. क्लोरीन मारायला याहून स्वस्त काही नाही. शोभिवंत बाटलीत भरून ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून विकतात त्यातही बहुतेक वेळा हेच असतं.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी मात्र जरा थांबावं. पलूसकडच्या एका बागायतदाराचा टँक काही केल्या साफ राहीना. लाईट कमी केला, खाणं कमी केलं, दर आठवड्याला निम्मं पाणी बदलत होता. त्याच्याकडे शेतीसाठी बोअरचं पाणी तपासून घेतलेला कागद होता, तो सहज बघितला. नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर. ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ऊसपट्ट्यात वर्षानुवर्षं ओतलेलं खत झिरपून खाली गेलंय, ते बोअरमधून वर येतं. म्हणजे हा माणूस पाणी बदलतोय असं समजून दर आठवड्याला टँकला खताचा हप्ता देत होता! त्याला नळाचं पाणी आणायला लावलं आणि टँकवर मनीप्लांटच्या दोन फांद्या ठेवल्या, मुळं पाण्यात, पानं बाहेर. मनीप्लांट नायट्रेट चांगलं ओढतो. टँकमध्येच झाड हवं असेल तर हायड्रिला किंवा हॉर्नवर्टसारखं भराभर वाढणारं घ्यावं. जे झाड जोरात वाढतं ते शेवाळाच्या तोंडचं खातं. (तो बागायतदार आता घरच्यांनाही ते बोअरचं पाणी पिऊ देत नाही. माशांमुळे तेवढं झालं.)

शेवाळ शेवाळ म्हणतो तेही एक नसतं. नव्या टँकमध्ये काचेवर तपकिरी भुकटी बसते, बोटाने पुसली की निघते. ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. पाण्यातल्या नव्या खड्यांच्या सिलिकावर ते जगतात आणि टँक जुना झाला की आपोआप जातात. त्यावर पैसे घालवू नका. काचेवरचे बारीक हिरवे, घट्ट ठिपके ब्लेडने निघतात, नाही तर जुन्या एटीएम कार्डाने. लांब हिरवे धागे टूथब्रशवर गुंडाळून ओढले की निम्मं काम झालं.

पाणीच हिरवं होणं, वाटाण्याच्या सारासारखं, हे लोकांना सगळ्यात घाबरवतं. तिथे पाणी बदलून उपयोग होत नाही. एकपेशीय शेवाळ पाण्यात तरंगत असतं, निम्मं काढलंत तर उरलेलं दोन-चार दिवसांत परत तेवढं होतं, वर नव्या पाण्यातलं खत मिळतं. यावर उपाय फुकटातला आहे. जाड चादर किंवा पुठ्ठा टँकभोवती असा बांधा की आत उजेडाची रेघसुद्धा जाणार नाही, आणि तीन ते चार दिवस उघडू नका. खाणं बंद. मासे मरत नाहीत, निरोगी मासा आठवडाभरही उपाशी राहतो. एअर पंप मात्र चोवीस तास चालू हवा, कारण अंधारात शेवाळ प्राणवायू बनवत नाही, उलट वापरतं, आणि मेल्यावर कुजतं तेव्हा आणखी वापरलं जातं. चौथ्या दिवशी चादर काढा, निम्मं पाणी बदला, स्पंज पिळा. हा उपाय सांगितला की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. फुकट आहे ना, म्हणून. ज्यांना पैसे खर्च केल्याशिवाय बरं वाटत नाही त्यांना मी यूव्ही लॅम्प देतो, तोही चांगला चालतो.

झाडांच्या पानांच्या कडेला काळे, दाढीच्या खुंटासारखे झुपके येतात, ते सगळ्यात चिवट. खरं तर ते लाल शेवाळाच्या कुळातलं, स्पिरिटमध्ये टाकलं की लालसर होतं. जी पानं फार भरलीत ती कापून टाका. अनुबियाससारखं महागाचं झाड असेल तर ते टँकबाहेर काढून मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड निम्मं पाणी घालून ब्रशने झुपक्यांवर लावा, दोन-तीन मिनिटांनी धुवा, परत लावा. दोन दिवसांत झुपके गुलाबी पडतात आणि झडतात.

आणि एक निळसर-हिरवा, बुळबुळीत थर येतो, चादरीसारखा उचलून निघतो आणि वास मारतो. ते शेवाळच नव्हे, जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. यावर काही दुकानदार एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या कुटून टाकायला सांगतात. एका डॉक्टरांच्या कंपाउंडरने ते करायचं ठरवलं होतं, मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी त्याला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही, पण मथितार्थ असा की इथे पेशंटला अँटिबायोटिक लिहून देताना मी दहादा विचार करतो आणि तू ते माशांच्या पाण्यातून गटारात सोडणार! थर पाईपने ओढून काढा, पाण्याला हालचाल वाढवा, तळाची घाण काढा, वरच्यासारखीच चादर बांधा. जातो.

आता बाटल्यांविषयी. शेवाळ मारायच्या बऱ्याच बाटल्यांत तांबं असतं, एका ना एका रूपात. आमच्याकडे तासगाव भागातले द्राक्षबागायतदार मोरचूद (म्हणजे तांब्याचाच क्षार) आणि चुना मिसळून बोर्डो हे बुरशीनाशक फवारतात, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात येतंच की बाटलीपेक्षा घरचं मोरचूद चिमूटभर टाकू. शेवाळ मरतं, खोटं नाही. गोगलगायी आणि कोळंब्या त्याआधी मरतात, झाडं जळतात, पाणी मऊ असेल तर मासेही जातात, आणि तांबं खड्यांत बसून राहतं ते वेगळंच. सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. उन्हाळ्यात तर आधीच कमी असतो: २५ अंशांना लिटरभर पाण्यात सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना सातच्या आसपास. आमच्याकडे मे महिन्यात औषध टाकलेल्या टँकचे फोन पहाटे येतात, कारण रात्रभरात प्राणवायू संपत आलेला असतो.

‘लिक्विड कार्बन’ नावाची बाटलीही जोरात चालते. झाडांचं टॉनिक म्हणून विकतात, शेवाळही मारते. एका सर्जनच्या केबिनमध्ये मी ती उघडली तर ते लांबूनच म्हणाले, अरे, हा वास तर आमच्या दुर्बिणी निर्जंतुक करायच्या द्रावणाचा! बरोबर ओळखलं. अशा बऱ्याच बाटल्यांत ग्लुटारल्डिहाइड असतं. हातमोजे न घालता, टोपणाने मापून, मुलांसमोर हे ओतणारे लोक मी रोज बघतो. मोजून वापरलं तर काम करतं, पण व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची पानं वितळतात आणि डोस चुकला तर मासे जातात. आणि खाणं-उजेड तोच ठेवून औषध ओतलं तर महिन्याने शेवाळ परत येतं, बाटलीही परत लागते. बाटली विकणाऱ्याला ते बरंच.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

सकर मासा दुकानात येतो तेव्हा बोटाएवढा असतो. काचेला तोंड चिकटवून बसतो, पोरांना गंमत वाटते, विकणारा म्हणतो की हा टँकचा झाडूवाला. लहान असेपर्यंत तो काचेवरचं मऊ शेवाळ खातो, हे खरं. पण पाणी हिरवं झालं असेल तर तो काही करत नाही, काळ्या झुपक्यांना तोंड लावत नाही, निळ्या थराकडे बघत नाही. वाढला की त्याला शेवाळापेक्षा दाणे आवडायला लागतात, आणि मग तो जेवढं शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करून शेवाळाला खतच पुरवतो. रात्री गोल्डफिशसारख्या मंद माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटतो, त्याने त्यांना जखमा होतात. आणि वाढतो किती? फूट, दीड फूट. दोन फुटी टँकमध्ये.

त्याच्याऐवजी ‘अल्गी ईटर’ म्हणून जो सोनेरी मासा देतात, तोही मोठेपणी मारकुटा होतो आणि हीच खोड करतो. मदतनीस हवाच असेल तर नेराइट गोगलगाय घ्या. तिची अंडी गोड्या पाण्यात फुटत नाहीत, त्यामुळे पिलावळ होत नाही. मॉली मासासुद्धा शेवाळ टोचत असतो. पण काच पुसायला सगळ्यात भरवशाचं काय, तर आपला हात.

सकर दीड फुटाचा झाला की माणूस माझ्याकडे येत नाही, नदीवर जातो. मारायचं तर पाप, विकत कोण घेणार, मग सोडा त्याला कृष्णामाईत. नाही तर मिरजेच्या गणेश तलावात, नाही तर सांगलीच्या काळ्या खणीत. हात जोडून सोडतात. एका जिवाला जीवदान दिल्याचं समाधान घेऊन घरी येतात. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते.

हा मासा दक्षिण अमेरिकेचा, ॲमेझॉनच्या खोऱ्याचा. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, कल्ल्यांमागच्या परांना आणि पाठीला काटे. आपल्या नदीत त्याला गिळणारं फारसं कोणी नाही. तो काठाच्या मातीत मीटर-मीटरभर बिळं कोरतो आणि त्यात अंडी घालून राखण करतो, त्याने काठ ढासळतात. हवा गिळून पोटातून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपला तरी तो जगतो. उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे कृष्णेत मासे मेल्याच्या बातम्या आपणच छापता. त्या पाण्यात मरळ तग धरेल एखादवेळ, वांब आणि शिंगटी जातील, सकर मात्र आरामात राहील. म्हणजे नदी जितकी घाण होईल तितकी ती त्याची होत जाणार. तळ खरवडताना तो दुसऱ्यांचं खाणं खातोच, वाटेत आलेली अंडीही खातो.

हे माझ्या मनाचं नाही. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात सकर येतोय आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटताहेत, हे मराठी वृत्तपत्रांतच वाचलंय. आंध्र-तेलंगणाच्या तळ्यांत, कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत तो कधीच पसरलाय. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नुसत्या पाण्यातल्या डीएनएवरून हा मासा कुठल्या जलाशयात पोचलाय ते ओळखायची पद्धत बसवली, एवढी वेळ आली. उजनीत चिलापीही (तिलापिया) परदेशीच, १९५२ साली भारतात आणलेली. पण चिलापी निदान ताटात तरी येते, उजनीकाठच्या भिगवणला लोक तिच्यासाठी गाडी थांबवतात. सकर सोलून बघा, चिलखत निघता निघत नाही, बाजारात त्याला कोणी विचारत नाही. मच्छीमाराने जाळं फाडून घ्यायचं आणि हाती काय, तर हे.

शिवाय आमच्या भागात माणसाने मुद्दाम सोडायचीही गरज नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, सांगलीची बाजारपेठ पाण्याखाली होती. ओळखीच्या एका दुकानदाराचे टँक पाणी ओसरल्यावर जागच्या जागी सापडले, गाळाने भरलेले, आत एक मासा नाही. २०२१ला पुन्हा पाणी आलं. पूररेषेतल्या दुकानात, घरात जो मासा ठेवला तो आज ना उद्या नदीत जाणार, असं धरूनच इथे मासे विकायला हवेत. गप्पी-गोल्डफिश गेले तरी ते सांगलीच्या मरळीपुढे किती टिकतील? सकर टिकतो.

माझ्या दुकानात सकर मिळत नाही. गिऱ्हाईक हसतं आणि पुढच्या चौकात जाऊन घेतं. एकट्या दुकानदाराने न विकून काय होणार, हे मलाही कळतं. म्हणून आपल्याकडे मागणं आहे. एक तर ती चौकट दुरुस्त करून छापा, आणि पुरवणीत जिथे मूळ लेख होता तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. दुसरं, विकणाऱ्याने प्रत्येक टँकवर मासा मोठेपणी किती इंचांचा होणार ते लिहावं, यासाठी आपण लावून धरा. दीड फूट हा आकडा वाचून निम्मे लोक आपोआप सकर न घेता परत जातील. महापालिकेला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला विचारा, की बंदी असलेला परदेशी मांगूर मासा पकडायला जसे जाता तसं याच्याकडे कधी बघणार?

आणि तिसरं, नको झालेला मासा परत घेणाऱ्या दुकानांची यादी आपण गावोगावची गोळा करून छापा. माझ्या मागच्या अंगणात सिमेंटची टाकी आहे, लोकांनी आणून दिलेले सकर तिच्यात आहेत, मरेपर्यंत तिथेच राहतील. जागा अजून आहे. कुणाला मासा आणणं शक्यच नसेल आणि तो आजारी, मरणाच्या दारात असेल, तर लवंग तेलाने त्याला शांत झोपवता येतं, ते कसं करायचं ते मी फोनवर समजावतो. नदीत सोडू नका, एवढंच. या पत्राखाली नाव नको म्हटलं होतं, पण ती यादी काढाल तेव्हा मिरजेत पहिलं नाव माझं घाला, दुकानाच्या पत्त्यासकट. डॉक्टरांनी ओळखलं तर ओळखू दे.

आपला,
एक ॲक्वेरियमवाला, मिरज